कमी पळालेल्या गाडीचं कौतुक पुरे!

"फक्त 19,000 मैल. एकच मालक. कायम गॅरेजमध्ये." जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत ही तीन वाक्यं एकापाठोपाठ आली की भलेभले शहाणे लोक खिशात हात घालतात. मला विचाराल तर अशा वेळी खिशातून पाकीट नव्हे, टॉर्च बाहेर काढायला हवा. तीस वर्षं जुनी आणि जवळजवळ न पळालेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हे समीकरण कोणी आणि कधी आपल्या डोक्यात भरवलं कोण जाणे. अशी गाडी बऱ्याचदा बिघडलेलीच असते, फक्त आपला बिघाड तिने अजून कोणाला सांगितलेला नसतो. मी हे बोलायला लागलो की लोक मला वेड्यात काढतात. म्हणून आज जरा सविस्तर भांडतो.

खरं तर गोव्याच्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये. आपल्या प्रत्येक वाड्यावर निदान एक तरी बंद घर आहे. मालक मुंबईत, आखातात नाही तर विलायतेत. घर कोणी वापरलं नाही म्हणून ते नवं राहिलं, असं आपण कधी म्हणतो का? दोन पावसाळे शाकारणी चुकली की वासे कुजायला लागतात, माळ्यावर वाळवी चढते, विहिरीत पिंपळ उगवतो. शेजारच्या घरात दहा माणसं नांदतात, उंबरा झिजून मधे खोलगट झालाय, पोरांनी भिंतीवर रेघोट्या ओढल्यात, आणि घर मात्र खणखणीत उभं आहे. एवढं रोज डोळ्यांनी बघणारा माणूस गाडी घ्यायला निघाला की फक्त उंबरा झिजला नाही ना एवढंच बघून पैसे मोजतो! याला काय म्हणावं?

ज्या सौद्यावरून हा विषय माझ्या डोक्यात पेटला तो आपल्याकडचा नाही, इंग्लंडातला आहे. स्विंडन हे गाव गोमंतकीयांना नव्याने सांगायला नको. माझा भाचा तिथे पोर्तुगीज पासपोर्टावर गेला, एका गोदामात रात्रपाळ्या केल्या, चार पैसे गाठीला बांधले. आता त्याला एकच हौस पुरवायची होती. मॅझदा एमएक्स-5, पहिल्या पिढीची, ती उघडमीट होणाऱ्या दिव्यांची, छोटी, दोन माणसांची, छप्पर मागे टाकता येणारी. मी दोन महिने त्याच्याकडे राहायला होतो, त्यामुळे गाड्या बघायला मलाही त्याच्याबरोबर हिंडावं लागलं. (हिंडायला मला आवडतं, ही गोष्ट वेगळी.)

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ओढ, वजन टनाच्या आतबाहेर, सुरुवातीला 1600 सीसीचं सुमारे 115 अश्वशक्तीचं इंजिन आणि 1993 पासून 1800 सीसीचंही. साठ-सत्तरच्या दशकातल्या एमजी, लोटस या इंग्रजी गाड्यांची मजा जपान्यांनी घेतली आणि त्यांची तेलगळती तेवढी मागे ठेवली! स्वार आणि घोडा एकजीव व्हावेत अशा अर्थाचा 'जिनबा इत्ताई' हा शब्दप्रयोग कंपनी या गाडीबद्दल करते. पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, आणि सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी 2016 च्या एप्रिलमध्ये हिरोशिमाला तयार झाली. म्हणजे ही काही दुर्मिळ वस्तू नव्हे. पळवण्यासाठी बनवलेली, हजारोंच्या संख्येने बनवलेली गाडी आहे.

तरीही बाजारात काय चाललंय बघा. आमच्यासमोर दोन गाड्या होत्या. पहिली 19,000 मैलांची, एका व्यापाऱ्याच्या चकचकीत शोरूममध्ये, किंमत 12,500 पौंड. दुसरी 92,000 मैलांची, एका निवृत्त गृहस्थाच्या अंगणात, किंमत 4,800. भाच्याचा जीव अर्थातच पहिलीवर. "मामा, मीटर पळय!" हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मी म्हटलं, बाबा रे, मीटर मी पाहिला, आता गाडी पाहू या का?

मीटर काय सांगतो? गाडीची चाकं किती वेळा फिरली, एवढंच. (तेही त्याच्याशी कोणी खेळलं नसेल तर.) रबराला मैल मोजता येत नाहीत, रबर वर्षं मोजतं. रेडिएटरचे होजपाइप, इंधनाच्या नळ्या, ऑइल सील, दारांची रबरं, सस्पेन्शनचे बुश, टायर, हे सगळं गाडी उभी असली तरी म्हातारं होतच असतं. किंबहुना सील कोरडी पडतात ती उभ्या गाडीतच, कारण त्यांना ओलं ठेवणारं तेल खाली तळाशी जाऊन बसलेलं असतं. ब्रेकमधलं तेल हवेतलं बाष्प पितं. नव्या डॉट-4 तेलाचा उत्कलनबिंदू 230 अंशांच्या वर असावा लागतो, तेच तेल पाणी पिऊन बसलं की 155 च्या आसपास यायला वेळ लागत नाही. घाटाच्या उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पाय सरळ तळाला जातो. तेच पाणी कॅलिपरच्या आत पिस्टनला गंज चढवतं. म्हणून ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी दोन मैल गेली असो की वीस हजार.

आणि ती "वर्षातून दोनदा पाच मिनिटं सुरू करून ठेवायचो हो" म्हणणारी मंडळी! यांच्याइतकं गाडीचं वाटोळं कोणी केलं नसेल. इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद केलं की जळणातून तयार झालेलं पाणी बाहेर पडत नाही. ते सायलेन्सरमध्ये साचतं आणि तो आतून कुजतो, इंजिनच्या तेलात मिसळतं आणि तेलाची आंबील होते. त्यापेक्षा वीस मैल नेऊन आणली असती तर बरं झालं असतं, किंवा मग हातच लावला नसता तरी चाललं असतं.

टायमिंग बेल्टचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. या मॅझदाचा बेल्ट 60,000 मैलांना बदलायचा. पण रबरी पट्ट्याला मैलांची मर्यादा असते तशी वयाचीही असते, दोन्हींतली जी आधी येईल ती खरी. शोरूमवाल्याला मी विचारलं, बेल्ट कधी बदलला? तो हसून म्हणाला, कशाला बदलायचा, गाडी पळालीच कुठे आहे! म्हणजे तीस वर्षांचा पट्टा आत होता आणि हा गृहस्थ ते गुण म्हणून सांगत होता. मॅझदाचं ते जुनं इंजिन सोशिक आहे, बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, गाडी नुसती रस्त्यात थांबते. पण असाच "न पळालेला" बेल्ट घेऊन पोर्शे 944 विकत घ्या आणि तो तुटू द्या. मग व्हॉल्व्ह वाकतात आणि बिल बघून मालकही.

आता या गाडीचं खरं मर्मस्थान. एमएक्स-5 चं इंजिन जवळजवळ मरत नाही, मरतो तो पत्रा. कापडी छपरावरून येणारं पावसाचं पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून खाली जातं आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. आपल्या पन्हळीसारखीच सोय. त्या नळ्या पानापाचोळ्याने तुंबल्या की पाणी सीटच्या मागे गालिच्यात आणि दाराखालच्या पोकळ पेटीत, म्हणजे सिलमध्ये, शिरतं. तिथून ते आतल्या आत पत्रा खातं. बाहेरून रंग झकास दिसतो, आणि एक दिवस बोट दाबलं की बोट आत! तिथल्या हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते खालून खातं ते वेगळंच. उभ्या गाडीच्या नळ्या कोण साफ करणार? गाडी रोज वापरणाऱ्याला गालिचा ओला लागतो, वास येतो, तो बघतो. कव्हराखाली झाकून ठेवणाऱ्याला पाच वर्षांनी कळतं.

म्हणून आम्ही गुडघे टेकले. शोरूमवाल्याला ते आवडलं नाही, पण 12,500 पौंड देणाऱ्याला गुडघे टेकायचा हक्क असतो. मागच्या चाकाच्या पुढचा सिलचा भाग मी रुमालात गुंडाळलेल्या लोहचुंबकाने तपासला. डावीकडे चुंबक चिकटला. उजवीकडे एका वितीभर जागेत तो नुसताच घसरला. पत्र्याच्या जागी पुट्टी भरली होती. खाली पाहिलं तर काळं अंडरसील ताजं, अगदी गुळगुळीत, जणू कालच लावलंय. तीस वर्षांच्या गाडीच्या पोटाला ताजा काळा रंग दिसला की समजावं, काहीतरी झाकलंय. टायरवर भरपूर नक्षी शिल्लक. पण टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे 2308 होतं, म्हणजे 2008 सालचा तेविसावा आठवडा. कडेला बारीक चिरा पडलेल्या. ही गाडी घेऊन कोणी मोटरवेवर सत्तर मैलांच्या वेगाने निघाला असता तर?

पण या सगळ्याहून मोठा साक्षीदार घरबसल्या आणि फुकट मिळतो. इंग्लंडात तीन वर्षांहून जुन्या गाडीला दर वर्षी एमओटी नावाची तपासणी करावी लागते, आणि 2005 पासूनच्या तपासण्यांच्या नोंदी सरकारने सगळ्यांना खुल्या केल्यात. गाडीचा नंबर टाका, प्रत्येक तपासणीच्या दिवशी मीटरवर काय होतं आणि तपासणाऱ्याने काय शेरा मारला ते समोर येतं. भाच्याने ती आकड्यांची रांग पाहिली होती आणि खूश झाला होता, कारण आकडे खरे होते. कोणी मीटर मागे केलेला नव्हता. मी त्याला म्हटलं, आता आकडे सोड, शेरे वाच. वर्षाला तीस ते साठ मैल, म्हणजे गाडी फक्त तपासणीला जाऊन परत येत होती. मग 2012 ते 2017 काहीच नोंद नाही, पाच वर्षं गाडी रस्त्यावरच नव्हती. आणि नंतरच्या शेऱ्यांत टायरना चिरा, ब्रेकचे पाइप गंजलेले, आणि उजव्या मागच्या सिलला गंज, हे दर वर्षी. पुढच्या वर्षी तो शेरा अचानक गायब! पत्रा कापून नवा जोडल्याचं बिल आहे का, म्हणून विचारलं, तर बिल नाही. पुट्टीचं बिल कोण ठेवतो?

एक सावधगिरी इथे सांगायला हवी. चाळीस वर्षांवरच्या आणि मोठा बदल न केलेल्या गाड्यांना 2018 च्या मेपासून एमओटीची सक्ती राहिलेली नाही. म्हणजे एमजीबीसारखी गाडी घेताना हल्लीच्या वर्षांचा हा कागदी साक्षीदार नसूही शकतो. जपानमधून आलेल्या एमएक्स-5, ज्या तिथे युनोस रोडस्टर या नावाने विकल्या गेल्या, त्यांची गंमत आणखी वेगळी. त्यांचं मीटर किलोमीटरचं, इंग्लंडात ते मैलांत बदलतात, आणि त्या बदलाबदलीत आकडा काय झाला ते जपानमधले जुने कागद पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गाडी, ती 92,000 मैलांची, दिसायला साधी. ड्रायव्हरच्या सीटची कड विटलेली, स्टिअरिंगचं चामडं गुळगुळीत, मागची प्लास्टिकची खिडकी दुधाळ. गृहस्थाने एक जाडजूड फाइल काढून टेबलावर ठेवली. तेल दर वर्षी. ब्रेकचं तेल दोन वर्षांनी. बेल्ट, पाण्याचा पंप आणि सगळे होजपाइप एकदमच बदललेले. क्लचचा खालचा सिलिंडर दोनदा (तो या गाडीत गळतोच). दोन्ही बाजूंचे सिल कापून नवे बसवले, त्याचं बिल आणि काम चालू असतानाचे फोटो. आम्ही येणार म्हणून त्याने गाडी आधी तापवून ठेवली नव्हती. बोनेटला हात लावला, गार. सुरू केल्यावर वरून टिकटिक आली आणि दोन मिनिटांत थांबली. अर्धा तास फिरवून आणली, काटा मध्यावर स्थिर. खाली उतरून चारही चाकांच्या जवळ हात नेला. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला कॅलिपर धरून बसलाय असं समजायचं, आणि मागचे कॅलिपर धरणं हा या गाडीचा ठरलेला आजार. चारही सारखे होते.

भाच्याने तोंड वाकडं केलं. म्हणाला, मामा, पण 92,000!

इथेच माझं खरं भांडण आहे. कमी मैलांच्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नाही असं मी म्हणत नाही. इंजिन कमी झिजलेलं असतं, आतली गादी मूळची असते, संग्रहालयात ठेवायला तशीच गाडी हवी. दर वर्षी नियमाने तेल, रबर, ब्रेक बदलून, महिन्यातून एकदा तरी मोकळी पळवून कोणी 19,000 मैल केले असतील, तर त्या माणसाला मी नमस्कार करीन आणि त्याला जास्त पैसेही देईन. पण ते पैसे त्याच्या बिलांच्या फाइलला असतील, मीटरला नाही. झिजलेली वस्तू बदलता येते. 2017 मध्ये खुद्द मॅझदाने जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्या दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर केली आणि कापडी छपरापासून टायरपर्यंतचे भाग पुन्हा बनवायला घेतले. बुश मिळतो, सील मिळतं, इंजिनसुद्धा मिळतं. कुजलेला सांगाडा मात्र कापून-जोडूनच नीट करावा लागतो, आणि ते काम इंजिन उघडण्यापेक्षा महाग पडू शकतं.

बरं, समजा ती 19,000 मैलांची गाडी खरोखरच निर्दोष निघाली असती. मग भाच्याने तिचं काय केलं असतं? जास्तीचे सात-आठ हजार पौंड त्याने ज्या आकड्यासाठी मोजले, तो आकडा गाडी बाहेर काढली की वाढणार. प्रत्येक रविवारी फिरायला जाताना हा मनात हिशेब करणार, आज माझ्या गाडीची किंमत किती उतरली? शेवटी तो कव्हर घालून ठेवणार, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगणार, फक्त 19,400 मैल हो! म्हणजे रात्रपाळ्या करून पोराने विकत काय घेतलं? चौकीदारी! घोडा आणि स्वार एकजीव होण्यासाठी बनवलेली गाडी तबेल्यात बांधून ठेवायची आणि तिला चारा घालत बसायचं.

मी लहान असताना गोव्यात पोर्तुगीज काळातल्या मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावताना पाहिल्यात. सहा-सात माणसं, टोपल्या, कोंबड्या, सगळं घेऊन. ड्रायव्हर रोज सकाळी पुसायचा, तेल बघायचा, जरा आवाज बदलला की मेस्ताकडे न्यायचा. त्याच काळातल्या काही गाड्या भाटकारांच्या घरांमागे छपराखाली मानाने उभ्या होत्या. त्यांच्यावर कोंबड्या बसायच्या, आत नव्हे, वर!

आणि ही काही फक्त विलायतेची गोष्ट नाही. आज आपल्याकडे जुन्या गाडीच्या सौद्यात "मालक परदेशात, गाडी नऊ हजार किलोमीटरच" हे वाक्य सोन्याच्या भावाने विकलं जातं. आठ पावसाळे खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली गाडी, टाकीत इथेनॉल मिसळलेलं, पाणी ओढणारं शिळं पेट्रोल, बोनेटखाली उंदराने कुरतडलेल्या वायरी, आणि आपण मीटरकडे बघून माना डोलावतो. आपल्याकडे एमओटीसारखी खुली नोंद नाही, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दर खेपेला किलोमीटर आणि तारीख लिहितात. मालकाला सांगा, तो कागद काढून आण. त्यात किलोमीटर नव्हे, तारखा वाचा. दोन तारखांमध्ये चार वर्षांचं अंतर असेल तर त्या चार वर्षांत गाडीचं काय झालं ते विचारा. "काही नाही, उभी होती" असं उत्तर आलं तर टायर, बॅटरी, बेल्ट, सगळे होजपाइप, ब्रेकचं अख्खं काम आणि टाकी साफ करण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच पुढे बोला. विकणारा रागावेल. रागावू दे.

भाच्याने शेवटी 92,000 वाली घेतली, 4,600 ला. ती गोव्याला आणायचं त्याचं स्वप्न होतं, पण तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी अशी सहजी भारतात आणता येत नाही, तेव्हा ते स्वप्न स्विंडनलाच राहिलं. छप्पर मागे टाकून तो वेल्सच्या डोंगरांत जाऊन आला, एकदा स्कॉटलंडलाही. मीटर आता एक लाख मैलांच्या पुढे गेलाय. मागच्या एमओटीत गाडी पास झाली आणि एकच शेरा आला, मागच्या बाजूचा एक बुश झिजलाय. त्याने तो मागवलाय.